गोल टेबलाचं केंद्र

गोल टेबलाचा एकुलता एक पाय मधोमध नव्हता, बोटभर सरकलेला होता. आणि ही चूक खुद्द भूमितीच्या सरांची होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी सुतळीने माप घेऊन तो स्वतः बसवला, आणि सुतळी ताणली गेली. "वर्गात थेल्सचं प्रमेय, घरात अंदाजपंचे!" बायको हसायची, आणि टेबल कलू नये म्हणून पाण्याचा जड जग नेमका एका बाजूला ठेवायची. चाळीस वर्षं. ती गेली आणि जग कुठे ठेवायचा, हे काही सरांना जमेना. रोज चहा सांडायचा.

"बाबा, टाकून द्या ना ते आता," लेक म्हणाली. सरांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी टेबल हातगाडीवर घालून सुताराकडे गेले.

सुतार एकेकाळी त्यांचाच विद्यार्थी. भूमितीत दोनदा नापास.

"सर, तुमच्या तासाला काय गाढ झोप लागायची हो!"

सर कसनुसं हसले. निवृत्त झाल्यापासून एकच शंका त्यांना कुरतडत होती: तीस वर्षं घसा कोरडा केला, तो एकाच्या तरी कामी आला का?

सुताराने पाय काढला, फळी उलटी टाकली. गुण्याचा, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीचा, कोपरा तिच्या गोल कडेला टेकवला, दोन्ही बाजू कडेला जिथे भेटल्या तिथे खुणा केल्या आणि त्या रेघेने जोडल्या. कोपरा दुसरीकडे टेकवून पुन्हा तसंच. दोन रेघांनी एकमेकींना छेदलं.

"हे तुमचं खरं केंद्र."

सर फळीवर वाकले. "अरे, हा तर थेल्स! अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक. अर्धवर्तुळातला कोन काटकोन! मी शिकवलं होतं ना?"

"छे हो सर. हे आमच्या काकांनी दाखवलं. ते तर शाळेची पायरी चढले नव्हते."

झालं. उत्तर मिळालं. सर चपला शोधू लागले.

"पण सर, हजार वेळा केलं असेल मी हे. कधीच चुकत नाही. का चुकत नाही?"

तीस वर्षांत हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. सरांनी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली.

"केंद्रापासून या कोपऱ्यापर्यंत एक रेघ. आता ही आणि केंद्रापासून कडेपर्यंतच्या या दोन, तिन्ही त्रिज्या, म्हणून सारख्या. म्हणजे त्रिकोण दोन, दोन्ही समद्विभुज, मग हे कोन..."

"हळू सर, हळू," सुताराने स्टूल जवळ ओढलं. "पहिल्या रेघेपासून सांगा."