हुद्दा : हाउसकीपिंग

माझं डोकं लई लवकर फिरतं, हे आधीच सांगतो. पण जिथं फिरायला पाहिजे व्हतं तिथं फिरलं नाय, तेच आता खुपतंय.

शेंद्र्याच्या कारखान्यात मला अकरा वर्षं झाली. पिशोरहून आलो, ठेकेदाराचा माणूस म्हणून लागलो. आमच्या घरात बापापर्यंत सगळ्यांनी मेंढरं राखली, मी वायरी राखल्या. तिथलं सगळं नेटवर्क मी ओढलंय. कोणती केबल कुठून निघती, कोणता स्विच तापला की बंद पडतो, सगळं तोंडपाठ. शिक्षण म्हणाल तर बारावी नापास.

यंदा कंपनीनं नेटवर्क इंजिनिअरची कायम जागा काढली. जाहिरातीत लिहिलेलं, 'पदवी किंवा दहा वर्षांचा अनुभव.' मी चार वेळा वाचलं. बायकोला फोनवरच म्हणलं, "रत्नमाला, अगं ह्यो 'किंवा' माझ्यासाठीच घातलाय!" तिनं पिशोरला आईला कळवलं. आईनं गावभर केलं.

अनुभवाचा दाखला आणायला ठेकेदाराच्या हापिसात गेलो. तिथल्या बद्रीनाथनं दाखला काढला, शिक्का मारला. वाचला तर हुद्दा : हाउसकीपिंग.

"अहो, अकरा वर्षांत झाडू हातात धरला नाय मी!"

"कुशल कामगार दाखवायला आयटीआयचा कागद लागतो. तुझ्याकडं व्हता का? लागताना मीच इचारलं, काय लिहू? तू म्हणला, काहीबी लिहा, पण काम द्या."

म्हणलो व्हतो. चोवीस वर्षांचा व्हतो, कामाची घाई व्हती. स्वतःच्याच थोबाडीत मारावी वाटली.

तरी दाखला घेऊन भरतीच्या करुणा मॅडमकडं गेलो. त्यांच्या कॉम्प्युटरची केबलबी मीच ओढलेली. "बिरूभाऊ, तुमचं काम मला माहीत नाही का?" त्या म्हणल्या. खरंच वाईट वाटलं व्हतं त्यांना. "पण वर फक्त कागद जातो हो." मग त्यांनी दाखला पुन्हा वाचला आणि जरा खुलल्या. "हाउसकीपिंगमधे एक कायम जागा आहे. अकरा वर्षांचा अनुभव दुसऱ्या कुणाचाच नाही. तुमचं लगेच होईल."

इथं डोकं फिरायला पाहिजे व्हतं. कागद फाडून टेबलावर फेकायला पाहिजे व्हता. मी इचारलं, "सही कुठं करू?"

इंजिनिअरच्या जागी पदवीवाला सार्थक आला. पोरगा गुणी हाय. पहिल्याच दिवशी सर्व्हरच्या खोलीतून हाक मारली, "भाऊ, ही पिवळी केबल कुठं जाते, माहितीय का?"

"नाय साहेब," म्हणलं आणि फरशी पुसत राहिलो.

दुपारी आईचा फोन आला. "बिरू, कायम झाला व्हय रं?"

"व्हय."

"बरं झालं बाबा! रत्नमालानं सांगितलं तवाच पेढे वाटले. इंजिनिअर झाला म्हणून सांगितलं सगळ्याला."