तृतीयेचा रविवार

रविवार, १२ फेब्रुवारी १९६७. संध्याकाळचे सव्वापाच वाजले आणि चंद्रकांता पालघरच्या टॉकीजमध्ये खुर्चीवरून उठली नाही.

दाराशी तिकिटं फाडणाऱ्या चिंधूने सवयीने पडदा बाजूला धरला. उजेडाची पट्टी आत पडली. मागून कोणी ओरडलं, "अरे, पडदा सोड!"

"मावशी, सव्वापाच झाले," चिंधू दबक्या आवाजात म्हणाला. "एस.टी. जाईल."

"जाऊ दे. तू पडदा सोड."

चंद्रकांता खाडीकाठच्या मुरबे गावची. वय अडतीस. आठवडाभर बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. रविवार तिचा स्वतःचा. सकाळी खाडी ओलांडून सातपाटी, तिथून एस.टी.ने पालघर. स्टेशनजवळच्या हॉटेलात, बाहेरच्या बाकावर, दोन बटाटेवडे आणि चहा. मग तीनचा खेळ. चार वर्षांत यात खंड नव्हता.

अडचण पाण्याची होती. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे मुरब्यात लहान पोरालाही ठाऊक. भरतीच्या आधी चार तास आणि नंतर चार तास खाडीतली तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालते. पुढे खाडीत चिखल उरतो. अष्टमी-नवमीच्या आसपास रविवार आला तर सिनेमा पूर्ण बघून घरी येता येई. तृतीयेच्या सुमारास आला तर सव्वापाचला उठायचं, साडेपाचची एस.टी. धरायची आणि सव्वासहाची शेवटची तर गाठायची. खेळ सहाला सुटे. त्यामुळे एकाआड एका सिनेमाचा शेवट चंद्रकांताने पाहिलेलाच नसे.

हे गावात कोणाला माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी बोंबील वाळत घालतात त्या वलांडीपाशी बाया जमत. हात बोंबील जोडीने अडकवत असत आणि चंद्रकांता सिनेमा सांगत असे. न पाहिलेला शेवट ती स्वतः लावी. तिच्या शेवटात लग्नं होत आणि हरवलेली पोरं सापडत.

मकरसंक्रांतीनंतर त्या बायांतल्याच जमुनाने ते फोडलं. जमुनाचा भाऊ पालघरला राहतो. त्याच्याकडे गेली असता तिने एक सिनेमा पूर्ण पाहिला. चंद्रकांताने आपल्या शेवटात जिचं लग्न लावून दिलं होतं ती नायिका पडद्यावर खोकून खोकून मेली होती.

"आमाला चार वर्सं खोट्या वराती दाखवल्यास गो!" जमुना सगळ्यांपुढे म्हणाली. बाया पोट धरून हसल्या. त्यानंतर प्रत्येक सोमवारी कथा शेवटाकडे आली की कोणीतरी विचारी, "हा पडद्यावरचा का तुझा?" मागच्या सोमवारी तर शकू, चंद्रकांताची सख्खी जाऊ, शेवट न ऐकताच पाटी उचलून गेली.

शनिवारी संध्याकाळी चंद्रकांताने नवऱ्याला सांगितलं, "उद्या मी शेवट बगून येनार."

पुंडलिक जाळं विणत होता. त्याने बोटं मोजली. "उद्या तृतीया. पाणी नाय. पुडल्या रविवारी जा."

"पुडल्या रविवारी शिनेमा दुसरा हाय."

"मग येशील कशी?"

"आगगाडीनं बोईसर. तितून चालत."

"दोन तास?"

"बाजाराला रोज जाते ती काय उडत जाते?"

पुंडलिकने पुन्हा सुई हातात घेतली.

रविवारी खेळ सहा वाजून पाच मिनिटांनी सुटला. चंद्रकांता पडद्यावरची शेवटची पाटी पाहूनच उठली. ती अक्षरं तिला येत नव्हती. चिंधूने वाचून दाखवली. बाहेर निवडणुकीच्या जीपवर कर्णा ओरडत होता. पावणेसातच्या गाडीने उमरोळीवरून बोईसर. स्टेशनाबाहेर तिने कांदाभजी घेतली आणि खात खात चालायला लागली. तारापूरकडे सिमेंट नेणारा एक ट्रक थांबला. "बैठो मौसी, नाके तक छोड देंगे." ती नाक्यापर्यंत बसली. नऊला घरी पोचली. पुंडलिकने जेवण झाकून ठेवलं होतं.

सोमवारी सात वाजता ती वलांडीपाशी उभी होती. सिनेमा एका थोरल्या भावाचा होता. धाकट्याने केलेल्या चोरीबद्दल तो तुरुंगात जातो. तिने सगळं सांगितलं: कोर्ट, आईचं आंधळं होणं, गाणी. मग शेवट.

"सात वर्सांनी तो सुटतो. घरापाशी येतो. कडीला हात लावतो. आतून आई विचारते, कोन हाय? तो हात काडतो आनी माघारी जातो. झालं."

कोणी बोंबील अडकवेना.

"माघारी?" शकू म्हणाली. "सात वर्सं तुरुंगात काडून?"

"माघारी."

"आईला भेटत नाय?"

"नाय."

जमुना हसली. "आता वराती सोडून रडवायला लागलीस गो? असा कुटं शेवट असतो? ह्यो पन तुझाच."

"तू पायलास हा शिनेमा?"

"नाय पायला. पन येवडं कळतं मला."

चंद्रकांताने हातातले बोंबील दांडीवर नीट बसवले. "आज चतुर्थी," ती म्हणाली. "तिनाला भरती. पाणी सात वाजेपत्तर हाय. खेळ सहाला सुटतो. चला माझ्यासंगं."

"सोमवारी? आन् बोंबील कोन राखंल?"

"माझा घरवाला राखंल."

"त्याला इचारलंस?"

"सांगते जाऊन."

साडेबाराच्या तरीत नऊ बाया होत्या. तर चालवणाऱ्या एकनाथने दोनदा मोजल्या आणि विचारलं, कोणाच्या मयताला का? जमुना पुढच्या फळीवर बसली होती, शकू तिच्या शेजारी. चंद्रकांता मागे. वलांडीपाशी पुंडलिक काठी घेऊन कावळे हाकत होता.

तीन वाजता चिंधूने नऊ तिकिटं फाडली आणि आत सोडलं. एकीलाही मधे उठवायचं नाही, असं चंद्रकांताने त्याला बजावलं. खेळ वेळेवर सुरू झाला.