टेरिनच्या कपाटातली कसर

“पोरी, आधी याला पंधरा दिवस फ्रीझरमध्ये ठेव हं. माझ्या पेटीत कसर झाली आहे, ती गारठ्यानेच मरते. तुझ्या बाकीच्या स्वेटरांना लागेल.”

व्हर्ना आजीने हे एकदा नाही, दोनदा सांगितले. टेरिन हसली. “अहो आजी, माझा फ्रीझर नवऱ्याने हरणाच्या मटणाने गच्च भरलाय. स्वेटर कुठे कोंबू?”

मित्रांनो, तो स्वेटर म्हणजे मी. गडद लाल लोकरीचा, छातीवर आमच्या शाळेच्या नावाचे पहिले, पांढरे, जाड अक्षर, डाव्या बाहीवर तीन पट्टे. वय सत्तरच्या वर. मिनेसोटातल्या आल्डर फॉल्स या लहानशा गावात माझा जन्म झाला. हे अक्षर विकत मिळत नसे. शाळेसाठी खेळून घाम गाळणाऱ्यालाच ते मिळे. ऑर्व्हिल लिंडक्विस्टने तीन हिवाळे गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळून, दोन दात पाडून घेऊन मला मिळवले. त्याच्या आईने माझ्या कॉलरच्या आत त्याचे नाव टाके घालून लिहिले.

मुलाने आपला स्वेटर मुलीला दिला, की साऱ्या शाळेने काय ते समजायचे, अशी तेव्हाची रीत होती. ऑर्व्हिलने मला व्हर्नाला दिले. माझ्या बाह्या तिच्या बोटांच्याही खाली लोंबत. “अगं, तू चालली आहेस की स्वेटर?” असे मैत्रिणी चिडवत. ती मला आणखीच घट्ट लपेटून घेई. पुढे त्यांचे लग्न झाले. ऑर्व्हिल गेल्यावर ती दर संध्याकाळी मला खांद्यावर घेऊन खिडकीत बसू लागली. माझ्या बाहीचे कोपर फाटले होते, पण तिची बोटे कापत असल्याने तिला रफू जमेना.

वृद्धाश्रमात जायच्या आधी तिने घरातले सामान वाटायला काढले, तेव्हा टेरिन आली. जुन्या शाळांचे स्वेटर जमवायचे आणि मिरवायचे हा तिचा छंद. तिच्या कपाटात असे त्रेचाळीस होते आणि त्यांतले एकही अक्षर तिने कमावलेले नव्हते. “हा द्यायचा नाही,” आजी म्हणाली. टेरिन लगेच गोड झाली. “द्यायचा नाहीच हो! कोपर रफू करते आणि दोन आठवड्यांत आणून देते.”

दोन आठवडे गेले. दोन महिने गेले. रफू राहिले बाजूला. “फाटका आहे म्हणून तर अस्सल वाटतो,” असे ती आरशासमोर म्हणाली. मला धुतलेही नाही, कारण धुतले की जुना वास जातो म्हणे. केले ते एवढेच. बारीक कात्रीने कॉलरमधले ऑर्व्हिलचे नाव टाका टाका करून उसवले.

ऑक्टोबरमध्ये शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांची मिरवणूक निघते. टेरिन मला घालून सजवलेल्या गाडीवर उभी होती. कडेला चाकांच्या खुर्चीत व्हर्ना आजी आणि मागे तिची भाची जोलीन. आजीने मला पाहिले, हात पुढे केला आणि तिचा चेहरा उजळला.

“जोलीन, तो बघ! ऑर्व्हिलचा स्वेटर!”

गाडी थांबलीच होती. टेरिन खाली वाकली. “आजी, असे लाल स्वेटर या गावात ढिगाने होते. बघा, नाव आहे का कुठे?” आणि तिने माझी कॉलर उलटून दाखवली.

आजीने पाहिले. पुन्हा पाहिले. मग तिने हात मागे घेतला.

“माफ करा हं,” जोलीन म्हणाली. “मावशीला हल्ली नीट आठवत नाही.”

मित्रांनो, मला नेले हे मी एक वेळ विसरलो असतो. पण त्या बाईने म्हातारीचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास भर रस्त्यात काढून घेतला. त्या दिवशी मी ठरवले, की हिला सोडायचे नाही.

माझ्या काखेच्या शिवणीत, सत्तर वर्षांच्या घामाच्या वासावर, कसर सुखाने नांदत होती. तिच्या अळ्यांना मी म्हणालो, बाळांनो, आता दूर दूर जा. हिवाळाभर टेरिनचे घर उबदार होते. कपाट बंद होते. आम्ही अंधारात, खांद्याला खांदा लावून लटकत होतो. अळ्या एका बाहीवरून दुसऱ्या बाहीवर सरकत होत्या आणि मी मोजत होतो. निळा गेला. हिरवा गेला. पिवळ्याची तर पाठच गेली. त्यांनी माझे काय बिघडवले होते? काहीच नाही. तरीही मी थांबवले नाही.

मार्चमध्ये प्रदर्शनासाठी टेरिनने कपाट उघडले आणि किंचाळली. सोबत मैत्रीण क्रिस्टल होती.

“अगं, नवीन आणलेला फ्रीझरमध्ये ठेवला होतास ना?”

“गप्प बस, क्रिस्टल!”

“म्हणजे नव्हता ठेवला.”

तिचे ते रडणे मी कान भरून ऐकले. खोटे कशाला बोलू? फार बरे वाटले. मग तिने माझे अक्षर कापून घेतले आणि मला काळ्या पिशवीत टाकले. अक्षर तिने नव्या पेटीत जपून ठेवले आहे. ठेवू दे. त्याच्या मागच्या जाड कापडात मी दोन अळ्या दिल्या आहेत.

पिशवीतून मी चर्चच्या जुन्या कपड्यांच्या ढिगात आलो. माझ्यात आता लोकरीपेक्षा भोकेच जास्त आहेत. मी परत गेलो तरी आजीचे खांदे झाकू शकणार नाही. सूड घेताना हे मला सुचलेच नाही. आणि परवा इथे कपडे द्यायला आलेली जोलीन कोणाला तरी सांगत होती, मावशी हल्ली कुठल्याच गोष्टीबद्दल खात्रीने बोलत नाही. जेवलीस का विचारले, तर म्हणते, “तूच सांग बाई, मला काय आठवतंय?”

म्हणून मित्रांनो, एवढे कराच. तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात, उजवीकडची तिसरी खोली. जा आणि तिला मोठ्याने सांगा, “आजी, तो ऑर्व्हिलचाच होता. तुमचं बरोबर होतं.” डोळे मिटलेले दिसले, तर झोपली असेल म्हणून दारातूनच परतू नका. जवळ जा. तिचे हात गार पडलेत का, ते बघा आणि काहीतरी पांघरा; मला आता ते जमायचे नाही.