मुठीत बसेल असा चाकू

“डोळे मिटा आणि मग हातात घ्या,” दुकानदार म्हणाला. “डोळ्यांना चकचकीत आवडतं. काम हाताला करायचंय.”

कलमवालीने निमूटपणे डोळे मिटले. साठी ओलांडलेली बाई भर दुपारी दुकानात डोळे मिटून उभी, हे तिच्या नवऱ्याला काही पटलेले दिसले नाही. तो घड्याळजी. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. न बघता काही निवडता येते यावर त्याचा विश्वास कसा बसावा?

रोपवाटिकेत तिला सगळे कलमवालीच म्हणत. घडीच्या चाकूने फांदीला एका ओढीत तिरका काप द्यायचा, तसाच दुसऱ्या रोपाला, आणि दोन्ही जखमा एकमेकींवर घट्ट बांधायच्या. तिने बांधलेली कलमे जगायची. यंदा मात्र एकामागून एक वाळत गेली. काप सरळ येईनात. “हात थकलाय तुमचा, सोमवारपासून झाडांना पाणी घाला,” असे मालकीणबाई म्हणाल्या, तेही प्रेमाने, म्हणून जास्तच लागले. बोटे दुखत होती हे खरे. पण हात थकतो म्हणजे नेमके काय होते, याचेच तिला कुतूहल वाटू लागले होते. दोष हाताचा की चाकूचा, ते तरी कळेल म्हणून ती इथे आली होती.

पहिला चाकू मुठीत मावेना. दुसरा इतका लहान, की करंगळी बिचारी बाहेर लटकत राहिली. तिसरा ओल्या हातातून निसटेल असा गुळगुळीत. चौथा लाकडी मुठीचा. तिने तो तळव्यात फिरवला, अंगठा चाकूच्या पाठीवर टेकवला आणि तिचा चेहरा निवळला.

“हा.”

“उघडून बघा.”

पात्यावरच्या खाचेत नख अडकवून तिने ओढले. पाते हलेना. पुन्हा ओढले, तर नखच दुमडले.

“फार घट्ट आहे हो. माझा तर फुंकर मारली तरी उघडतो.” तिने पिशवीतला जुना चाकू काढून दिला.

दुकानदाराने तो उघडून पात्याचे टोक हलवले. पाते डुगडुगले. त्याने चाकू उजेडात धरला.

“मावशी, हा कोणी खोलला होता? सांध्याचा खिळा सैल केलाय, आतली स्प्रिंग कानशीने झिजवलीय. काम सुबक आहे हां. पण असल्या पात्याने काप सरळ कसा येणार?”

“कोणी नाही खोलला,” ती म्हणाली, आणि मग तिने नवऱ्याकडे पाहिले. घड्याळजी भिंतीवरची कुलुपे एकेक करून न्याहाळत होता.

“अहो.”

“तुझं बोट सुजायचं,” तो कुलपाकडे बघतच म्हणाला. “रोज चाकू उघडताना तोंड वाकडं करायचीस. म्हटलं, थोडा हलका करावा.”

“थोडा?”

“दर महिन्याला थोडा.”

तिला राग आला, चांगलाच आला. एवढी कलमे गेली आणि ती आपल्या हाताला बोल लावत बसली होती. पण रागाच्या जोडीने त्याच्याविषयी मायाही दाटून आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला धड भांडताही येईना.

दुकानदाराने बटण दाबताच उघडणारा चाकू पुढे केला. तिने डोळे मिटून तो धरून पाहिला आणि परत ठेवला.

“हात नको म्हणतोय,” ती म्हणाली आणि तिने लाकडी मुठीचाच उचलला.

“अगं, तो तुला उघडणार नाही.”

“नाहीच उघडणार. रोज सकाळी तुम्ही उघडून द्यायचा. आणि याला कानस लागली तर माझ्याशी गाठ आहे.”

सोमवारी मालकीणबाई झारी घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. घड्याळजीने खिशातून चाकू काढला, नख लावून उघडला आणि पाते स्वतःकडे ठेवून मूठ बायकोपुढे धरली. झारीकडे न बघता ती आत गेली. पहिल्याच फांदीला तिने एका ओढीत काप दिला आणि त्यावरून बोट फिरवले. काप सपाट होता.

दुपारी जेवताना चाकू शेजारच्या फळीवर उघडाच होता. संध्याकाळी घड्याळजी तिला न्यायला येईपर्यंत तिने तो मिटला नाही.