हक्क त्याचा, हजेरी आमची

कोर्टाचा हुकूम हातात पडला तेव्हाच मी धाकट्या बहिणीला म्हटलं होतं, नीट वाच, यात तुझ्या बाजूचं काही नाही. दर शनिवारी दुपारी मुलीला भेटणं हा बापाचा हक्क. मुलीची वेणीफणी करून तिला कोर्टाच्या भेटखोलीत आणून बसवणं हे आईचं कर्तव्य. आई चुकली तर कोर्टाचा अवमान. आणि बाप आलाच नाही तर? वकीलबाई म्हणाल्या, "हक्क आहे हो तो. वापरायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचं." वा रे न्याय!

पहिले काही शनिवार तो आला. मांडीवर मुलगी, नजर मोबाइलवर. मग येईनासा झाला. माझं इस्त्रीचं दुकान आहे, शनिवारी गिऱ्हाइकांची ही रीघ. तरी मी कुलूप लावून या दोघींबरोबर जायचे, नाहीतर बहीण तिथे एकटी रडत बसली असती. भिंतीवर रंगवलेल्या जिराफाची मान ओलीने सोललेली, खेळण्यातल्या गाडीला चाकं नाहीत. सात वर्षांची माझी भाची खिडकीशी उभी राहायची आणि खाली गाडी थांबली की टाचा उंचवायची. बघवायचं नाही मला.

एका शनिवारी बहिणीने येताना रंगीत खडूंची पेटी घेतली आणि गुपचूप भेटखोली सांभाळणाऱ्या बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती पोरीला देऊन सांगितलं, "बाबा सकाळीच येऊन गेले गं, काम होतं त्यांना. हे ठेवलंय तुझ्यासाठी." पोरीचा चेहरा असा खुलला की मीही गप्प बसले. मग ते सुरूच झालं. कधी केसांचे चाप, कधी कोडं, कधी लोकरीचे हातमोजे.

"अगं, त्याचं पुण्य तू कशाला कमावतेस?" मी एकदा परतीच्या वाटेवर तिला झापलं.

"ताई, बापाला आपण नको आहोत, हे कळून तिचं काय भलं होणार?" ती म्हणाली. "माझा राग माझ्यापाशी."

दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते ती. दुसऱ्यांचे दात घडवते, पण तिचा स्वतःचा कुणावर दात नाही. देवाने हिला कुठल्या मातीतून घडवलं कोण जाणे! आणि आई म्हणून पोरीच्या वाट्याला काय? तोंड धू, गृहपाठ कर, झोप आता.

पुढे त्या गृहस्थाने दुसरं लग्न केलं. तिकडे मूल होईना, तेव्हा याला आठवलं की आपलं एक आहे. लगेच अर्ज टाकला, मुलीचा ताबा मला द्या.

न्यायाधीश मॅडमनी सगळ्यांना त्यांच्या खोलीत बोलावलं. साक्षीदार म्हणून मीही होते. त्यांनी भाचीला जवळ घेऊन विचारलं, "तुला कुणाकडे राहायला आवडेल?"

"बाबांकडे," ती पटकन म्हणाली. "ते मला विसरत नाहीत. दर शनिवारी काहीतरी ठेवून जातात. आई काहीच आणत नाही."

मॅडमनी बापाकडे पाहिलं. गडी क्षणभर गोंधळला, मग सावरून म्हणाला, "हो मॅडम. कामातून जमेल तसं ठेवायचो."

आयत्या बिळावर नागोबा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वकीलबाई बहिणीला कोपराने ढोसत होत्या. ती मात्र पोरीकडेच बघत राहिली. मला वाटलं, ही आताही गप्प बसते की काय!

"मॅडम, ते सगळं मी आणायचे," शेवटी ती म्हणाली. "पहिले काही शनिवार सोडले, तर हे आलेच नाहीत."

भेटखोलीतल्या बाईंना बोलावलं. त्यांनी खाली मान घालून तेच सांगितलं. मॅडमनी अर्ज तिथल्या तिथे फेटाळला. ताबा आईकडेच. बापाचा शनिवारचा हक्क मात्र शाबूत, तो असा न येण्याने झिजत नाही म्हणे.

"बाबा, तुम्हीच ठेवायचात ना?" भाचीने विचारलं. तो बुटांकडे बघत राहिला. ती आईकडे वळली. "तू बाबांना सगळ्यांसमोर खोटं पाडलंस. आता ते काहीच ठेवणार नाहीत."

बाहेर वकीलबाई हसून म्हणाल्या, "जिंकलो आपण!"

पायऱ्या उतरताना बहिणीने हात पुढे केला. भाचीने माझा धरला.

"मावशी, मी तुझ्याकडे राहिले तर चालेल का? कोर्टाला?"

बहीण एकच पायरी खाली होती. तिला ऐकू गेलंच.

"नाही गं राणी," मी म्हटलं. "तुझा ताबा आईकडे आहे."

"म्हणजे मला हिच्याकडेच जावं लागणार?"

मी बहिणीकडे पाहिलं.

"हो," बहीण म्हणाली. "जावंच लागणार."