अडकलेली रिंग

“नको!” म्हणत दादाने डाव्या हाताने कॅमेरा असा ढकलला, की सिस्टरने तो स्टँडसकट जेमतेम सावरला.

अर्धांगाच्या झटक्याने दादाचा उजवा हात गेला आणि बोलण्यातला एवढा एकच शब्द मागे उरला. चहा हवा असला तरी ‘नको’, नको असला तरी ‘नको’. कोणता ‘नको’ कसला, हे धाकट्या बहिणीला सुरावरून कळे. ती निवृत्त नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. तसं म्हणायचा खरा हक्क ज्याचा, तो भाऊ मात्र जन्मभर ‘बुटके’ म्हणत आला. तेही आता बंद झालं होतं.

दादाचं आयुष्य फोटो काढण्यात गेलेलं. कॅमेरा पाहून हुरूप येईल, म्हणून तिने त्याची जुनी पेटी काढली होती. लेन्स हाताने फोकस करायची, पण रिंग फिरवायला डावा हात पुरे. दादाने डोळा लावला, रिंग धरली, जोर केला. पुन्हा केला. मग स्वतःच्या बोटांकडे नुसता बघत राहिला, आणि त्याने कॅमेरा ढकलूनच दिला.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी चेंडू दाबायचा व्यायामही सोडला. भिंतीकडे तोंड करून पडला.

सिस्टर चरकली. पेशंटने हाय खाल्ली की कशाचाच उपयोग होत नाही, हे तिने वॉर्डात कितीदा तरी पाहिलेलं. कॅमेरा पेटीत ठेवता ठेवता तिने सहज रिंग फिरवून पाहिली. हलेना. दोन्ही हातांनी पिळली. ढिम्म!

“दादा, ऊठ आधी! तुझा हात नाही रे गेला. हीच मेली गच्च बसलीये. बघ, माझ्याच्यानंही फिरत नाही!”

दादाने मान वळवली. तिचा लालबुंद चेहरा पाहिला. “नको?”

“आतलं ग्रीस वाळून दगड झालं असणार. खोलते मी.”

“नको, नको!” हा ‘नको’ घाबरलेला होता.

“माणसांचे टाके काढलेत मी. हिची काय कथा!”

चष्मेवाल्याकडून बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणून तिने लेन्स खोलली. स्क्रू वाटीत, काचा मऊ फडक्यावर. आट्यांची नळी फिरत फिरत हातात आली, तिला पिवळा चिकटा धरलेला. तो स्पिरिटने पुसला, नवं ग्रीस लावलं, नळी पुन्हा बसवली. आता रिंग एका बोटाने फिरत होती. सिस्टरची स्वारी खूश!

दादाने डोळा लावला. टेबलावरची बाटली झकास दिसली असावी. मग त्याने कॅमेरा खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे वळवला. रिंग पार टोकाला गेली तरी टाकी धूसरच.

“नको,” तो म्हणाला. पण हा ‘नको’ रडका नव्हता, कामाचा होता. त्याने खुणेने पेन्सिल मागितली आणि डाव्या हाताने नळीच्या आट्यांचं वेडंवाकडं चित्र काढलं. सिस्टरच्या डोक्यात प्रकाश पडला. हे आटे अनेक जागांपासून सुरू होतात, आणि तिने भलत्याच जागेपासून नळी फिरवली होती, म्हणून लांबचं धूसर. काढतानाच खूण करायला हवी होती.

“मग आधी नाही का सांगायचंस!” ती खेकसली, आणि तिने जीभ चावली.

दादा गदागदा हसला. आजारानंतर पहिल्यांदाच.

मग दोघे कामाला लागले. तिने नळी बसवायची, त्याने टाकी बघायची. “नको.” पुढची जागा. “नको.” दुपार उतरणीला लागली, चहा निवून गेला. आणि एकदा दादा काहीच बोलला नाही. खिडकीबाहेर बघतच राहिला. तिने डोळा लावून पाहिलं, तर टाकीच्या शिडीवरचा गंजसुद्धा दिसत होता.

दादाने कॅमेरा आत वळवला आणि खिडकीजवळची खुर्ची दाखवली.

“माझा फोटो? या अवतारात? थांब, केस तरी...”

“नको.”

ती बसली. जन्मभर लोकांना ‘हलू नका’ म्हणणारी बाई स्वतः अवघडून बसली. दादाने एक बोट वर केलं: हनुवटी जरा वर. तिने वर केली. रिंग थोडी पुढे गेली, थोडी मागे आली.

आत दूध उतू जाऊन गॅसवर चरचरलं. जळका वास बाहेरपर्यंत आला. सिस्टरचे पाय आपसूक उठायला लागले. पण दादाच्या बोटांत रिंग अजून फिरत होती. तिने पाय पुन्हा जमिनीवर टेकवले आणि हनुवटी होती तशीच ठेवली.