सुलाबाईचा डावा डोळा

सुलाबाईचा डावा डोळा लवायला लागला तो विडीची पानं कापताना. मांडीवर सूप, हातात कात्री, आणि खालची पापणी अशी थडथडायला लागली की आतून कुणी टिचक्या मारतंय असं वाटावं. शेजारची कुसाबाई समोरच विड्या वळत बसली होती. तिनं वाकून बघितलं आणि हातातलं पान टाकूनच दिलं.

"अगं बया, डावा ना? बाईमाणसाचा डावा लवला की घरचं माणूस घरी येतं. येतंय तुझं पोरगं, बघ तू!"

सुलाबाईला हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची गोडीच वेगळी. ती हसली. लय महिन्यांनी हसली बिचारी.

पोरगं म्हणजे नागसेन. एकुलता एक. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात देवळाली कॅम्पात लष्कराची भरती निघाली, तिथं गेला. पळण्यात पास, उंचीत पास, आणि छातीत अर्धा इंच कमी पडला. त्याचा बाप धोंडीराम रेल्वेत गँगमन. भरतीच्या आधीच त्यानं नाशिकरोडच्या अख्ख्या गँगला सांगून टाकलं होतं, की माझा पोरगा तोफखान्यात चालला. आता काय तोंड दाखवायचं? पोरगं घरी येऊन जेवायला बसलं, तर हा ताटाकडं बघत म्हणाला, "एवढं खाल्लेलं गेलं तरी कुठं रे?" बस, एवढंच. नागसेननं ताटातच हात धुतला आणि उठून गेला तो गेलाच. मनमाड झालं, कल्याण झालं, पोलीस झाले, नातेवाईक झाले. कुठं पत्ता नाही.

आणि आता डोळा लवत होता.

नवऱ्यापुढं मात्र हे बोलायची सोय नव्हती. धोंडीरामनं बापाबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. तेव्हापासून घरात उपास नाही, दृष्ट काढणं नाही, शकुन-अपशकुन नाही. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम दोन पावलं पुढं टाकणारा गडी! त्यामुळं तो घरात आला की सुलाबाई डावीकडचा पदर गालावर ओढून घ्यायची.

पण डोळा काही थांबेना. दिवाळी गेली, थंडी पडली, आणि पापणीबरोबर गालही उडायला लागला. मग काय, सगळी चाळ वैद्य झाली! कुणी म्हणे थुंकी लावून पापणीवर गवताची काडी चिकटव. कुणी म्हणे टाळूवर एरंडेल थाप, कुणी म्हणे गार दुधाची पट्टी ठेव. सुलाबाई सगळ्यांचं ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि यातलं एकही करायची नाही. तिला कुठं तो थांबवायचा होता? तो लवतोय तोवर पोरगं वाटेवर आहे, असा तिचा हिशोब होता.

मग विंचूरच्या बहिणीकडं कांदा काढायला माणसं कमी पडली म्हणून ती मदतीला गेली. दिवसभर रानात वाकून वाकून कंबरेचा पार भुगा व्हायचा. पोरगं गेल्यापासून घरी तिचं रात्रीचं जागरण आणि चहावर चहा चालायचा; बहिणीच्या घरी चहा फक्त सकाळी, तोही बोटभर. संध्याकाळी भाकरी खाल्ली की सुलाबाई जी पडायची ती सकाळी कुणी हलवल्यावरच उठायची. आणि एका सकाळी तोंड धुताना तिच्या ध्यानात आलं, की डोळा थांबलाय. तिनं पापणीवर बोट ठेवलं. काही नाही! कुठल्या तरी स्टेशनात गाडीतून उतरून पोरगं माघारी वळलं, असंच तिला दिसलं. बहीण नको नको म्हणत असताना तिनं एसटी धरली.

घरी आल्याबरोबर तिनं चुलीवर आधण ठेवलं आणि काळा चहा केला. मूठभर पावडरीचा, कडूजहर. एक कप प्याली, दुसरा प्याली. त्या रात्री पडली पण डोळ्याला डोळा लागू दिला नाही. दोन-तीन दिवस असेच काढले, आणि पापणी पुन्हा उडाली. सुलाबाई त्या डोळ्यावर हात ठेवून ढसाढसा रडली.

आता ही बाई काय खुळी होती? मुळीच नाही. हा चहाचा आणि जागरणाचा प्रताप आहे, हे तिला स्वच्छ कळत होतं. कळून करायचं काय पण? दुसरं होतंच काय तिच्या हातात? पोलिसांनी हात झटकले होते, माणसांनी विचारायचं सोडलं होतं. उरला होता तो एक डोळा. तो तिनं चहा पाजून पाजून जागता ठेवला. अंगातलं मांस उतरलं, हात कापायला लागले, विडी वळली तर ढिली पडायची. एकदा कात्री थेट बोटात गेली. अर्धा चेहरा ओढला जायचा आणि डोळा मिटायचा तो पटकन उघडायचाच नाही.

हे पदराआड किती दिवस राहणार? धोंडीरामनं एके दिवशी खाडा केला आणि तिला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली. झोप येते का, चहा किती होतो, कसली काळजी आहे का, सगळं विचारलं. चहाचा आकडा ऐकून त्यानं पेनच खाली ठेवलं.

"बाई, हे डोळ्याचं दुखणं नाही. नस दमलीय तुमची, म्हणून उडते. चहा बंद. या गोळ्यांनी झोप येईल. झोपलात की थांबेल. नाही थांबलं तर परत या."

घरी आल्यावर धोंडीरामनं चहाचा डबा आपल्या ड्युटीच्या पिशवीत घातला आणि गोळी तिच्यापुढं धरली.

"नका हो," सुलाबाई म्हणाली. "पाया पडते तुमच्या. डोळा थांबला तर तो यायचा नाय."

धोंडीराम हळूच म्हणाला, "नागसेनची आई, आपण असलं मानत नाय."

"तुम्ही नका मानू! मी कुठं म्हणते माना? मला तरी मानू द्या!"

"मरशील अशानं. घे गोळी."

तिनं घेतली. काय करणार? गोळी गिळेपर्यंत तो पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. सुलाबाई झोपली, खूप झोपली. गाल निवळला आणि आठवडाभरात पापणी गपगार झाली. कुसाबाई म्हणाली, "तोंड कसं पहिल्यासारखं झालं गं!" सुलाबाई सूप घेऊन बसायची आणि पान हातातच राहायचं.

एका संध्याकाळी धोंडीराम ड्युटीवरून आला आणि हातपाय धुऊन जेवायला बसला. टोपलीत भाकरी मोजक्याच दिसल्या. नागसेन गेल्यापासून त्याच्या वाटच्या दोन भाकरी सुलाबाई रोज जास्त थापायची आणि सकाळी शिळ्या दोघं मिळून खायचे. त्यावर धोंडीराम कधी काही बोलला नव्हता.

"त्याच्या कुठंयत?" त्यानं विचारलं.

"कुणाच्या?" सुलाबाई म्हणाली.

रागानं नव्हे, रुसून नव्हे. सरळ विचारलं तिनं, आणि त्याच्या ताटात कालवण वाढलं.

धोंडीरामचा घास हातातच राहिला. पोरगं घरातून गेलं तेव्हा तो रडला नव्हता. आता त्याची हनुवटी थरथरायला लागली. तो तसाच उष्ट्या हातानं उठला. खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यातनं डबा काढला आणि चुलीवर पातेलं चढवलं. अंदाज कसला नि काय, त्यानं मूठ भरून पावडर पाण्यात टाकली. पाणी काळंभोर होईपर्यंत उकळलं, कपात ओतलं आणि कप तिच्यापुढं ठेवला.

सुलाबाई कपाकडं बघत राहिली, मग त्याच्याकडं.

"मी असलं मानत नाय," तो म्हणाला. "तू पी."

तिनं कप तोंडाला लावला. धोंडीराम समोर उकिडवा बसला आणि तिच्या डाव्या डोळ्याकडं टक लावून बघत राहिला.